पितळ, अ‍ॅल्युमिनियम की पीव्हीसी?

लेकीची आयरिश शिट्टी प्लास्टिकची. एकदा घोगरी वाजली तेव्हा मी सहज बोलून गेलो, "प्लास्टिकच ते, पितळेची हवी." झालं! बाईसाहेबांनी ती हातात धरायचंच सोडलं.

मग मलाच चैन पडेना. खरंच धातूने फरक पडतो का? शनिवारी नेरूळमधून पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि पीव्हीसी अशा तीन नळ्या आणल्या, आतला व्यास सारखा बघून. डीबगिंगचा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणून तोंडाकडचा तुकडा तिन्हींना एकच, भोकं एकाच मापाची. बायको स्वयंपाकघरात वाजवणार, आम्ही दोघं दाराआड. १२ पैकी ४ बरोबर! नुसता तुक्का मारला असता तरी साधारण तेवढेच आले असते.

१९७१ साली जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबं आणि लाकूड अशा बासऱ्यांवर असाच प्रयोग केला होता. ऐकणाऱ्यांनाही फरक सांगता आला नव्हता. झांजेत धातू थरथरतो, म्हणून तिथे काशाला मान. शिट्टीत थरथरते ती आतली हवा. नळीचं काम आकार देण्याचं. सूर बिघडतो तो मुख्यतः फुंकर जिथे कापली जाते त्या धारेवर.

लेकीच्या शिट्टीची धार भिंगाखाली धरली. प्लास्टिकचं एक बारीक कुसळ निघालं. ब्लेडने हलकेच काढलं, आवाज मोकळा!

"म्हणजे चूक माझी नव्हती ना बाबा?"

नव्हती गं. शिट्टीचीही नव्हती. माझ्या जिभेची होती.