सोमवारी या!

वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात आम्हाला 'उद्योगांचे स्थानिकीकरण' हे प्रकरण आहे. कच्चा माल, मजूर, भांडवल, वाहतूक अशी कारणे त्यात दिली आहेत. ती पाठ करताना माझ्या डोळ्यांपुढे आमची निपाणीच उभी राहते. इथे तंबाखू पिकतो म्हणून लांबलांबचे व्यापारी आले, वखारी झाल्या, विडीचा धंदा वाढला आणि आसपासच्या बायकांच्या मांडीवर सूप आले. त्यांपैकीच एक माझी आई. पाने भिजवायची, कापायची, तंबाखू भरून हजार विड्या पुऱ्या करायच्या, की दिवस मावळतोच. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी महामार्गावर बसले, तेव्हा निपाणीचे नाव देशभर झाले. म्हणजे पुस्तकातली कारणे खोटी नाहीत. पण ती अपुरी आहेत, असे मला दादामुळे वाटू लागले.

दादा आय.टी.आय. झालेला टर्नर. एक जुना लेथ घेऊन गावातच शेड घालावी, असे त्याच्या मनात होते. पैसे मामा देणार होता, कारागीर तो स्वतःच, आणि महामार्ग तर दारातच! अडले एका कागदावर. त्यासाठी त्याने एका कचेरीत सात महिने खेटे घातले. साहेब नाहीत, शिक्का नाही, सोमवारी या. शेवटी लेथचा विसार बुडाला आणि दादा कागलच्या पंचतारांकित एम.आय.डी.सी.त नोकरीला लागला.

त्याच सुमारास वाचनालयात लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी वाचले आणि चमकलो. हे आपल्याच जिल्ह्यातले, १८६९ साली गुर्लहोसूरला जन्मलेले. बेळगावात आधी सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी नांगराला हात लावीनात, तरी हा गृहस्थ डगमगला नाही. अडले ते जागेपाशीच. नवी वसाहत करायची म्हणून नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि वर १०,००० रुपये कर्जाऊ दिले. ३२ एकर जमीन, आणि तीवर निवडुंग नि नाग! रेल्वे सोडली तर आमच्या पुस्तकातले एकही कारण तिथे नव्हते. तरी १९१० साली पंचवीसेक कामगार बायकामुलांसह लक्ष्मणरावांच्या मागे त्या माळावर राहायला गेले. त्याचीच किर्लोस्करवाडी झाली. पुढे १९२० साली तिथूनच 'किर्लोस्कर खबर' निघाले, १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले, आणि घरोघरचे मराठी वाचकही त्या वाडीला जोडले गेले.

हे मी वर्गात सांगितले, तेव्हा सर हसून म्हणाले, "अरे, त्यांना राजा भेटला. प्रत्येक गावाने राजा कुठून आणायचा?" सरांचे खरे आहे. पण राजाने दिले तरी काय? निवडुंगाचा माळ कुणाला हवा होता? कर्ज तर परतफेडीचेच. मला वाटते, त्याने खरी गोष्ट दिली ती वेळेवर होकार. दादाला तेवढाच हवा होता.

विडीचे दिवस आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. दादा कागललाच खोली घेऊन राहतो, रविवारी येतो. आईचे माहेर संकेश्वरकडचे, कानडी. तो निघाला की ती उंबऱ्यात उभी राहून विचारते, "यावाग बर्ती?" तो मराठीत म्हणतो, "बघू." परीक्षा झाली की मलाही पुण्याला काकांकडे जाता येईल, तिथे हिशेबाचे काम आहे म्हणतात. काकांच्या निरोपाला मी अजून उत्तर दिलेले नाही.

गेल्या सोमवारी दादाचे तेच कागद घेऊन मी त्या कचेरीत गेलो होतो. साहेब रजेवर होते. येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहे.