मोडीच्या भावाने

पुण्यात पायी हिंडून जुनी भांडीकुंडी पाहायची असतील, तर बुधवार किंवा रविवार गाठावा. या दोन दिवशी जुना बाजार भरतो, आणि तांबट आळी, बोहरी आळी, तुळशीबाग ही सारी ठिकाणे तिथून चालण्याच्या टप्प्यात आहेत. आम्हां अंबडकरांना चालण्याचे फारसे कौतुक नाही. नवरात्रात मत्स्योदरीची टेकडी चढणाऱ्यांना कसब्याचे बोळ ते काय! पण काखेत तांब्याचे घंगाळ असले म्हणजे चाल बदलते, हे मला गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत कळले.

घंगाळ आईचे. आमचे अंबडचे जुने घर उतरवायचे ठरले आणि माळ्यावरची सारी तांब्यापितळेची भांडी अंगणात आली. हंडे, तपेली, परात, एक बंब. दादाने ती मोडीत घालायचे ठरवले. त्याचे चुकत होते असेही नाही. नव्या घराला माळा नाही, हंडा गॅसच्या शेगडीवर बसत नाही, आणि कल्हईवाल्याची हाक आमच्या गल्लीत ऐकू येईनाशी होऊन वर्षे लोटली. मुलीला भेटायला मी पुण्याला निघाले, तेव्हा तो म्हणाला, "जातेच आहेस, तर तिथला भाव विचारून ये." आई काही बोलली नाही. बुडाला गळणारे घंगाळ तिने माझ्यापुढे सरकवले. "एवढं नीट करून आण," एवढेच म्हणाली.

तांबट आळी डोळ्यांआधी कानांना सापडते. कसबा पेठेत शिरून ठोक्यांच्या रोखाने चालत राहावे, झाले. इथल्या त्वष्टा कासारांची वस्ती पेशवाईपासूनची. पत्र्याला आकार आला की गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ते त्यावर ओळीने ठोके देतात. त्याला म्हणतात मठारकाम. आपण ती नक्षी समजतो. पण त्या ठोक्यांनी मऊ तांबे कठीण होते, भांडे सहसा चेमटत नाही. शोभा आपोआप येते. एका वयस्क कारागिराने घंगाळ उन्हाकडे धरले, बुडाच्या भोकांतून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "ताई, बूड नवं घालावं लागेल. संध्याकाळी या."

मग मोकळ्या हातांनी जुन्या बाजारात गेले. तिथले वर्णन करायला बसले तर अंकाची पाने पुरणार नाहीत. कुलपाविना किल्ल्या, किल्ल्यांविना कुलपे, ग्रामोफोनचे कर्णे, अडकित्ते, पलंगाचे सुटे पाय, आणि या सगळ्यांत खिळे-पान्यांचे ढीग. सरकारचा १९७२ चा कायदा असा, की शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ती पुरावस्तू. तिच्या व्यापाराला परवाना हवा, आणि खाजगी माणसाला ती परदेशी नेता येत नाही. त्यामुळे इथल्या वस्तूंचे वय मोठे लवचिक असते. कौतुकाने विचारले तर दिवा दीडशे वर्षांचा, आणि कागद विचारले की तोच साठ वर्षांचा!

भांडी मात्र खोटे बोलत नाहीत, कारण त्यांच्यावर नावे असतात. आपल्याकडे भांडे घेतले की दुकानदार छोट्या छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून देई. कुणाच्या लग्नात मामाने दिलेला गडू, कुणाच्या स्मरणार्थ दिलेले ताम्हन, आणि पुढे तारीख. मी शाळेतली हजेरी घ्यावी तशी ती नावे वाचत सुटले. एका कळशीवर फक्त 'सौ.' आणि बाईचे नाव होते. आडनावाच्या जागी पोचा पडलेला. विक्रेत्याला वाटले, मी नावामुळे अडले आहे. "नाव नको असेल तर घासून देतो, ताई," तो समजुतीने म्हणाला. "शहरातली गिऱ्हाइकं तसंच मागतात. दिवाणखान्यात ठेवायची असते ना."

भावही त्यानेच सांगितला. घेताना किलोने, विकताना नगाने. दोहोंतला फरक ऐकून मी गप्प बसले.

बोहरी आळीत मी थांबले नाही. तिथे आता स्टीलचा लखलखाट. तुळशीबागेत भातुकलीच्या पितळी संचांपुढे पाय रेंगाळले. ज्या बंबाला घरात जागा नाही, तोच बोटाएवढा करून नातीसाठी हौसेने घेणारी एक आजी तिथे भेटली. दुपारी बाजीराव रस्त्यावर केळकर संग्रहालयात शिरले. दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) घरोघर हिंडून दिवे, वज्र्या, अडकित्ते जमवले, संग्रहाला आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले आणि तो सारा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. घरातल्या बाईच्या हातातली वस्तू जपण्याजोगी असते, हे फार लवकर ओळखलेला माणूस. पण काचेमागच्या त्या तपेल्यांत वरण उकळणार नाही, हेही मनात आल्यावाचून राहिले नाही.

बाहेर येऊन दादाला फोन लावला. "भाव विचारलास?" त्याचा पहिला प्रश्न.

"विचारला. पण आधी प्रत्येक भांडं उलटसुलट करून त्यावरचं नाव मला वाचून दाखव."

"उन्हात?"

"उन्हात."

तो कुरकुरत अंगणात गेला. आजीचे नाव निघाले, आत्याचे निघाले. बंब कोराच होता. मग परात उचलली आणि तो थबकला. तिच्यावर एका अनोळखी बाईचे नाव, आणि आडनाव आमच्या नात्यागोत्यातले नव्हे. त्याने आईला हाक मारून विचारले. आई म्हणाली, "मी सून म्हणून आले तेव्हापासून ती घरात आहे. तुझ्या आजोबांनी मोडीतूनच आणली असेल. पण पुरणाची कणीक तिच्यातच मळली जायची." पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही.

बंब आणि दोन कोरे हंडे मोडीत गेले. बाकीची भांडी दादाने पोत्यात बांधून गच्चीवरच्या खोलीत ठेवली आहेत. वहिनी त्यावर काय म्हणाली ते मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही.

संध्याकाळी तांबट आळीत गेले तेव्हा घंगाळाचे नवे बूड गुलाबी चमकत होते. वरचे अंग काळपटच होते. "घासून सगळं सारखं करून देऊ?" कारागिराने विचारले. काठाखाली आईचे माहेरचे नाव होते. मी नको म्हटले. त्याने घंगाळात बादलीभर पाणी ओतले, आणि एकही थेंब गळत नाही हे पाहीपर्यंत आम्ही दोघे तिथेच बसून राहिलो.