राखणदाराला अफू

आमच्या शहापुरात पावसाळ्यात वीज जाते, त्याचं काही वाटत नाही. पंचाईत होते ती वीज परत येते तेव्हा! संगणक नव्यानं सुरू होतो आणि ॲपआर्मर नावाचा त्यातला राखणदार दारात ताजातवाना उभा राहतो.

हा गृहस्थ २०२४ च्या एप्रिलात निघालेल्या उबुंटू २४.०४ पासून भलताच कडक झालाय. एखाद्या प्रोग्रॅमनं स्वतःपुरती वेगळी खोली मागितली (तिला 'युजर नेमस्पेस' म्हणायचं), की हा विचारतो, "चिठ्ठी आहे?" चिठ्ठी म्हणजे प्रोफाइल. माझा टिपणवहीचा प्रोग्रॅम पडला ॲपइमेज, म्हणजे बाहेरून आलेला पाहुणा. त्याच्याकडे कुठली चिठ्ठी? दारातच मान टाकतो बिचारा. गंमत म्हणजे ही खोली त्याला हवी असते ती सुरक्षिततेसाठीच! सोवळ्यातल्या दोघांनी शिवाशीव नको म्हणून अंगणातच ताटकळावं, तसला प्रकार.

भाचा मुरबाडला. त्यानं फोनवरून आदेश सांगावा, मी एकेक अक्षर टंकावं, मग राखणदार डोळे मिटणार. ते पुन्हा वीज जाईपर्यंत! शेवटी कंटाळून तो सरळगाव, किन्हवली करत एसटीनं येऊन थडकला.

"मामा, एक सर्व्हिसच लिहून टाकतो. यंत्र सुरू झालं, की सिस्टिमडी तुमचा आदेश आपोआप देईल."

म्हणजे एका नोकरानं राखणदाराला उठवायचं आणि दुसऱ्यानं लगेच अफू चारायची!

"डोळे मिटणार ते माझ्या वहीपुरतेच ना रे?"

"छे! सगळ्यांसाठी."

माझी बँक, पेन्शन, सातबारे, सगळं त्याच यंत्रात. आणि असल्या खोल्यांच्या आडून चोर थेट कर्नलपर्यंत, म्हणजे माजघरापर्यंत, पोचल्याचे प्रकार झालेले. एका वहीसाठी अख्खा वाडा उघडा टाकायचा?

"त्यापेक्षा वहीला चिठ्ठी दे की लिहून!"

भाच्यानं जरा डोकं खाजवलं, पण लिहिली. चार-पाच ओळी, त्यात फाइलचा पत्ता आणि खोलीची परवानगी. यंत्र सुरू होताना असल्या चिठ्ठ्या वाचणारी सर्व्हिस तिथं आधीपासूनच होती म्हणे. नवी लिहायला नकोच!

फक्त नवी आवृत्ती आली, की फाइलच्या नावातला आकडा बदलतो आणि राखणदार ओळख विसरतो. त्यावर भाच्यानं फाइलला कायमचं एकच नाव देऊन टाकलं: 'मामा'.