खालून उजेड

आमच्या धाराशिव जिल्ह्यात वाळू म्हटलं की आधी ब्रास आठवतो, मग टिप्पर आणि मग तहसीलदारांची जीप. तेरणा, मांजरा, सीना, बोरी या नद्यांची चौकशी उन्हाळ्यात पाण्यासाठी कमी आणि वाळूसाठी जास्त होते. घरकुलाचा हप्ता जमा झाला की पहिली बोलाचाली वाळूच्या भावाची. रात्री ट्रॅक्टरची धडधड ऐकली की म्हातारी माणसं काही न विचारता कूस बदलतात. अशा मुलखात पोरांना वाळूची चित्रं शिकवायची म्हणून एका गावात गेलो, तेव्हा सरपंचांनी सरळच विचारलं, "सर, किती ब्रास लागंल?"

"दोन किलो," मी म्हणालो.

"दोन किलोत काय होतंय ओ?"

त्या दोन किलोंचीच ही गोष्ट आहे.

मी कलाशिक्षक. उभी नोकरी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवण्यात गेली. स्थिरचित्रातला तांब्या डावीकडे कलू नये, संकल्पचित्रातल्या पाकळ्या एकसारख्या याव्यात, यासाठी मुलांच्या मागे लागण्यात जन्म गेला म्हणा ना. निवृत्तीनंतर सुट्ट्यांत गावोगावच्या शाळांत सँड अ‍ॅनिमेशन घेऊन फिरायला लागलो. मराठीत याला वाळूची चलचित्रं म्हणता येईल, पण पोरं 'वाळूचा पिच्चर' म्हणतात आणि मला तेच आवडतं.

दोन किलो वाळूची तयारी आदल्या दिवसापासून करावी लागते. नदीची वाळू बादलीत घालून पाणी निवळेपर्यंत धुवायची, पत्र्यावर पसरून कडक वाळवायची, मग आधी रव्याच्या आणि नंतर मैद्याच्या चाळणीतून गाळायची. चाळणीत गारेचे खडे उरतात, शिंपल्याचे तुकडे उरतात. खाली पडते ती अगदी बारीक, बोटांवरून सरकताना जेमतेम कळेल अशी. दख्खनच्या काळ्या खडकाची झीज ती. तळहातावर घेऊन पाहिलं तर काळ्या कणांत तांबूस, पांढरे कण मिसळलेले दिसतात. काचेवर टाकली की हे सगळे रंग जातात. उजेड खालून असल्यावर कणाचा रंग दिसत नाही, फक्त त्याची सावली दिसते. जाड थर तिथं काळोख, पातळ थर तिथं करडं, आणि बोट फिरेल तिथं लख्ख.

बाकी सामान किरकोळ. सुताराकडून करून घेतलेली फळ्यांची पेटी, आत एलईडीच्या दोन पांढऱ्या नळ्या, वर दुधी अ‍ॅक्रिलिक. काचही चालते, पण पोरांच्या गर्दीत अ‍ॅक्रिलिक बरं. वरून मोबाइल पालथा धरायला शाळेच्या प्रयोगशाळेतला ब्युरेटचा स्टँड कामाला येतो. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही मोबाइलला जोडला आणि खिडक्यांवर घोंगड्या टाकल्या की झालं थिएटर. आणि हो, पंखा बंद. मे महिन्यात, ४२ अंशांच्या दुपारी, पत्र्याच्या वर्गात पंखा बंद करा म्हणणारा मास्तर पोरांना पहिल्या दिवशी काही फारसा आवडत नाही. पण वाऱ्यात वाळू ठरत नाही, त्याला कोण काय करणार?

पहिला धडा मुठीचा. मूठभर वाळू घ्यायची आणि मनगट हलवत, बोटांच्या फटींतून सोडत, सगळीकडे सारखा थर बसेल अशी टाकायची. चाड्यावर मूठ धरलेल्या म्हाताऱ्याचा हात असाच चालतो. हल्ली पेरणी ट्रॅक्टरनं होते, तरी ज्या पोरानं आजोबांना पेरताना पाहिलंय त्याचा थर पहिल्या दिवशीच एकसारखा पडतो. दुसरा धडा चिमटीचा, आणि तिथं मुली पुढं जातात. रोज दारात रांगोळी घातलेली असते, त्यामुळं रेघ तुटत नाही. मग पुसायचे धडे. तर्जनीनं रेघ, करंगळीच्या कडेनं नदी, अंगठ्याच्या पेरानं पान, तळव्याच्या बाजूनं डोंगर. दोन्ही हात एकदम वरून खाली फिरवले की झाडाच्या दोन्ही बाजू एका दमात येतात. कागदावर असं दोन हातांनी काढायला मी कुणालाच शिकवलं नव्हतं.

मूल घाबरलंय हे वाळूला आधी कळतं. घाबरलेल्याचे तळवे ओले होतात, वाळू हाताला चिकटते आणि काचेवर नको तिथं ठसे उमटतात. तोंडानं "मी नाही भेत" म्हणणारा पोरगा सारखा चड्डीला हात पुसत असतो. त्याला धीर देणारं भाषण करण्यात अर्थ नसतो. त्याचं पाळीतलं नाव मागं ढकलायचं, त्याला चाळणीवर बसवायचं. चाळता चाळता हात कोरडे होतात.

खरी गंमत पुढं आहे. सृजनशीलता आणि आत्मविश्वास हे दोन शब्द हल्ली प्रत्येक उन्हाळी शिबिराच्या फ्लेक्सवर छापलेले असतात, आबाकस असो की कराटे. त्यामुळं ते उच्चारायचीच मला चोरी वाटते. पण वाळूच्या पेटीशी पोरगं धीट होताना मी पाहिलंय. त्याचं चित्र चांगलं येतं म्हणून ते धीट होत नाही. चित्रं बरीचशी सामान्यच असतात. ते धीट होतं कारण आता पुढं काय होणार हे त्या अख्ख्या खोलीत एकट्या त्यालाच ठाऊक असतं. वर्गात सगळं उलटं असतं. उत्तर मास्तरला ठाऊक, हुशार पोरांना ठाऊक, आणि हे बिचारं मधे उभं. इथं मास्तरसकट सगळे टीव्हीकडं तोंड करून अंदाज बांधत बसतात.

तुळजापूरच्या या जिल्ह्यात पहिलं चित्र काय काढायचं असं विचारलं की बहुतेक हात एकाच चित्रासाठी वर होतात: भवानीमाता शिवाजी महाराजांना तलवार देतेय. मी नाही म्हणत नाही. एवढंच विचारतो, त्या तलवारीचं पुढं काय होतं? पोरं गोंधळतात. कारण कागदावरचं चित्र पुरं झालं की संपतं, वाळूतलं पुरं झालं की दुसरं व्हायला लागतं. एक चित्र न मोडता त्यातून दुसरं कसं काढायचं, एवढाच या कलेचा अभ्यास.

दिवाळीनंतरच्या एका शिबिरात सहावीतली एक मुलगी होती. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ही गावात आजीपाशी, जेवण हंगामी वसतिगृहात. वर्गात तिचा आवाज हजेरीपुरता. तिनंही तलवारच काढली. मग क्षणभर थांबली आणि तलवारीच्या दोन्ही कडांना बोटानं रेघा ओढल्या. तलवारीचं पान झालं. शेजारी तसंच दुसरं, तिसरं. बघता बघता उसाचा फड उभा राहिला. एका उसाच्या बुडाशी तळवा फिरवून तिनं जागा मोकळी केली आणि चिमटीनं कोयता काढला. मागून कुणीतरी कुजबुजलं, "आता काय काढायलंय ओ ही?" "गप, बघ की." कोयत्याच्या मुठीभोवती तिनं गोल ओढला, आत आऱ्या घातल्या. "चाक! गाडीचं चाक!" पोरं ओरडली. तिनं मान वर केली नाही, पण ओठ दाबून हसली. मग एका तळव्यानं सगळ्या आऱ्या पुसल्या आणि त्या कोऱ्या गोलात बोटाच्या टोकानं हलकेच पाच-सहा ठिपके दिले. दोन क्षण कुणालाच कळेना. मग पुढच्या रांगेतली एक बारकी पोरगी म्हणाली, "भाकर हाय."

भाकरच होती, तव्यावरचे डाग पडलेली.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. ती बोलघेवडी झाली नाही, तिचे गणिताचे गुण वाढले की नाही मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी नववीची पोरं वर्गात पंखा लावून बसली होती, तेव्हा ही दारातून आत आली आणि म्हणाली, "पंखा बंद करा." त्यांनी केला.

ही कला तशी फार जुनी नाही. १९६८ साली अमेरिकेत हार्वर्डला शिकणाऱ्या कॅरोलीन लीफनं उजेडाच्या पेटीवर वाळू पसरली, ती थोडी थोडी हलवत दर हालचालीचा फोटो घेतला आणि पीटर व लांडग्याच्या गोष्टीची छोटी फिल्म केली. पुढं कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी १९७४ मध्ये तिनं घुबड आणि हंसिणीच्या लग्नाची इन्युइट लोककथा वाळूतच केली. प्रेक्षकांसमोर हात चालवत दाखवायचा प्रकार घरोघर पोचला तो २००९ मध्ये. युक्रेनच्या टीव्हीवरची स्पर्धा जिंकणाऱ्या क्सेनिया सिमोनोव्हानं दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या संसारांची गोष्ट वाळूत सांगितली आणि तो व्हिडिओ जगभर फिरला. आपल्याकडं लग्नाच्या हॉलमध्ये वधूवरांचे चेहरे काढणारे कलाकार दिसतात, ते त्यानंतरचे.

मला लीफची रीत शाळेसाठी जास्त मोलाची वाटते. चार लोकांसमोर हात चालवायची ज्याची छाती होत नाही, त्याला कोपऱ्यात पेटी आणि मोबाइल द्यावा. सेकंदाला १२ फोटो धरले तरी एका मिनिटाच्या गोष्टीला ७२० फोटो लागतात. चौघांच्या गटात एक वाळू हलवतो, एक बटण दाबतो, एक मोजतो, एक भांडतो. आठवड्याभरात मिनिटभराची फिल्म होते आणि तोवर लाजरं पोरगंच दिग्दर्शक होऊन बसलेलं असतं.

बोटानं वाळूत गिरवणं मात्र आपल्याकडं जुनंच. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती. मद्रासच्या लष्करी अनाथालयाची शाळा १७८९ पासून सांभाळणाऱ्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्यानं गावठी शाळेतली पोरं जमिनीवर बसून वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली आणि ती रीत उचलली. १७९७ मध्ये त्यानं त्यावर पुस्तिका लिहिली, आणि पुढं इंग्लंडातल्या गरिबांच्या शाळांतही पोरं वाळूच्या तबकात ए-बी-सी काढायला लागली. आपली मात्र धूळपाटी जाऊन दगडी पाटी आली, मग वही आली. धूळपाटीच्या आठवणीनं गळा काढावा असं मला वाटत नाही. धूळपाटीवर पुसायचं ते तेच अक्षर पुन्हा बरोबर काढण्यासाठी. काचेवर जे पुसलं त्याच्यातूनच पुढचं निघतं, आणि ते बरोबर की चूक हे ठरवायला छडी घेऊन कुणी बसलेलं नसतं. "सर, चुकलं तर?" हा प्रश्न पहिल्या दिवशी प्रत्येक पोरगं विचारतं. तिसऱ्या दिवशी ऐकू येत नाही.

गोष्टी शोधायला लांब जावं लागत नाही. तेर हे गोरोबाकाकांचं गाव. भजनाच्या नादात चिखल तुडवताना लेकरू पायाखाली आलं आणि पुढं पंढरपुरात ते रांगत परत आलं, ही कथा इथल्या प्रत्येक पोराला आजीनं सांगितलेली असते. झाकणं आणि उघडणं या दोनच क्रियांवर ती उभी आहे आणि वाळूला नेमक्या त्याच येतात. लेकराची आकृती वाळूच्या लोटाखाली हळूहळू बुजते आणि शेवटी एका बोटानं पुन्हा मोकळी होते. हे दाखवताना मुलं आपोआप सावकाश होतात, सांगावं लागत नाही.

आणि आजच्या गोष्टीही सुचतात. समारोपाच्या कार्यक्रमात आठवीच्या एका पठ्ठ्यानं रात्रीची नदी काढली, नदीत टिप्पर काढला, मागं दिवे लावून जीप काढली. म्हणजे वाळूनंच वाळूची चोरी. जीप वाळूत रुतली, चाकं बुडाली, टपाची पाठ झाली आणि जीपचं कासव होऊन पाण्यात निघून गेलं. खुर्चीवर बसलेले तलाठी भाऊसाहेब सगळ्यात मोठ्यानं हसले. कार्यक्रम संपल्यावर पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बाळा, घाट कुठला रं हा?" पोरगं पण बेरकी. "सर, इमॅजिनेशन हाय."

हे कुठल्याही शाळेला जमण्यासारखं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे घेऊन बालवाड्या चालवल्या. त्या मानानं आपल्याला तर एक पेटी आणि दोन नळ्यांचाच खर्च आहे. सांगली-कोल्हापूरचे, विदर्भाचे शिक्षक वाचत असतील तर त्यांनाही सांगतो, करून बघा. विनंती एकच आहे, याची स्पर्धा भरवू नका. पहिला, दुसरा, उत्तेजनार्थ असे नंबर काढले की दुसऱ्या वर्षी सगळी पोरं पहिल्या नंबरवाल्याचंच चित्र काढतात. मग पुढं काय होणार हे साऱ्या खोलीला आधीच ठाऊक असतं. एलिमेंटरीत हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

वाळूसाठी घाटावर जाऊ नका. गावात कुणाचं तरी घरकुल चालू असतंच. मालकाला विचारून एक डबा भरून घ्या. चाळणी मात्र नवी आणा, घरची नेलीत तर ती पुन्हा स्वयंपाकघरात कुणी घेणार नाही.