आधारपायांची परीक्षा

या स्मरणिकेत विहाराविषयी, ग्रंथालयाविषयी आणि विद्यालयाचे नाव उज्ज्वल करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांविषयी पुष्कळ लिहिले जाईल, आणि ते उचितच आहे. आम्ही कार्यशाळेतील मंडळी मात्र येथे दोन लोखंडी पायांविषयी लिहीत आहोत.

वसतिगृहामागे सांडपाणी साचत असे. डास वाढत आणि मुले तापाने अंथरूण धरीत. पावसाळ्यापूर्वी तेथे चर व शोषखड्डा होणे निकडीचे होते. मोठे यंत्र आत येईल एवढी वाट नसल्याने सारी भिस्त संस्थेच्या छोट्या ट्रॅक्टरवर आणि त्याच्या मागे जोडलेल्या बॅकहोवर होती. खोदताना मागची चाके उचलून धरणारे जे दोन आधारपाय असतात, त्यांना चालक नुसते ‘जॅक’ म्हणतात. आमच्या जॅकचे तळवे अवघे 15 × 20 सेंटिमीटरचे. काळी जमीन ओली झाली की फुगते व मऊ पडते. तिच्यात एक पाय रुतला की ट्रॅक्टर त्या अंगाला कलायचा, आणि त्यावर बसलेल्या माणसाचा जीव टांगणीला लागायचा.

उपाय विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातच होता. एका पायावर 600 किलो भार धरला, तर 300 चौरस सेंटिमीटरच्या तळव्याखाली दर चौरस सेंटिमीटरला 2 किलो दाब पडतो. तळवा 30 × 40 सेंटिमीटरचा केला की तोच दाब अर्ध्या किलोवर येतो. आम्ही 12 मिलिमीटर जाडीची प्लेट घेतली. कडा वाकू नयेत म्हणून त्रिकोणी पट्ट्यांचा आधार वेल्ड केला. एका बाजूस चिखलात पकड घेण्यासाठी अँगलचे तुकडे बसवले, तर दुसऱ्या बाजूस सिमेंटचे अंगण उखडू नये म्हणून जुन्या टायरचे रबर. पिनवर तळवा उलटवला की हवी ती बाजू खाली येते. प्रत्येक प्लेटचे वजन सुमारे 11 किलो वाढले. ते हायड्रॉलिकला जड गेले नाही.

हिशेब जुळला, तरी परीक्षा बाकी होती. जमीन मुद्दाम भिजवून आम्ही प्रथम जुने आणि मग नवे तळवे टेकवले, दहा मिनिटे थांबलो आणि पट्टीने मोजले. जुना 9 सेंटिमीटर रुतला, नवा 2. मग भरलेली बकेट पूर्ण लांबवून एका बाजूस वळवली. कारण बकेट ज्या अंगाला वळते, त्याच अंगाच्या पायावर बहुतेक भार येतो. ट्रॅक्टर स्थिर राहिला. या चाचण्यांच्या वेळी एकाही विद्यार्थ्याला आखलेल्या रेषेच्या आत येऊ दिले नाही. तळवा रुंद झाला म्हणून चराच्या काठाशी टेकवायचा नाही, हा नियमही त्याच दिवशी भिंतीवर लिहिला. काठच ढासळला तर तळव्याची रुंदी कामास येत नाही.

केवळ परंपरेने चालत आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतात, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका, असे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. हा उपदेश आम्ही वंदनेनंतर अनेकदा ऐकला आहे. भिजवलेल्या मातीत पट्टी रोवून आकडा वाचणाऱ्या मुलांनी तो त्या दिवशी आचरणात आणला. आमच्या हिशेबावरही त्यांनी मोजल्याशिवाय विश्वास ठेवला नाही, याचा आम्हांस विशेष आनंद आहे.

चर पावसाआधी पूर्ण झाला. वसतिगृहामागची जागा आता कोरडी असते आणि तेथे मुलांनी कडुनिंबाची रोपे लावली आहेत.

नमो बुद्धाय! जय भीम!