बाबा ‘थकलो’ म्हणत नाहीत

कथा लिहायला लागलेल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. काका, कथा कशी लिहायची हे शिकायला कुठे मिळेल? एखादी साइट सांगा, एखादा कोर्स सांगा, यूट्यूबवर कोणाचं ऐकू ते सांगा. नागपूरजवळ आमच्या कोराडीत, महादुल्यात, पलीकडे खापरखेड्यात अशी मुलं बरीच आहेत. कोणी आयटीआय करतं, कोणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला लागलेलं असतं, कोणी वीजकेंद्रात कंत्राटी कामावर असतं. त्यांना मी एवढंच सांगतो: आधी अडेपर्यंत लिही. अडलास की ये. कुठे शोधायचं ते तेव्हा सांगता येईल, कारण काय शोधायचंय ते तोवर तुला कळलेलं असेल.

नेटवर सल्ल्यांना तोटा नाही. पहिल्या वाक्यात वाचकाला पकडा, पात्रासमोर अडथळा उभा करा, शेवटी कलाटणी द्या. यातलं बरंचसं सिनेमाच्या पटकथेसाठी सांगितलेलं असतं. ते ऐकून मूल कथेबद्दल छान बोलायला लागतं आणि लिहायचं थांबतं. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता मला त्याची काळजी वाटते.

नागपुरातलंच उदाहरण घ्या. महेश एलकुंचवार सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून तेंडुलकरांच्या ‘मी जिंकलो मी हरलो’ या नाटकाला जाऊन बसले आणि त्या एका प्रयोगानं त्यांना नाटक लिहावंसं वाटू लागलं. पुढे त्यांनी वाचली ती नाटकंच, एकामागून एक. मग लिहिलं. १९६७ मध्ये ‘सुलतान’ ही त्यांची एकांकिका ‘सत्यकथा’ मासिकात आली. वाचायला गेले तेव्हा त्यांच्या मनात पाहिलेलं एक नाटक होतं, त्यामुळे वाचताना काय पाहायचं हे त्यांना माहीत होतं. नुसतं ‘भरपूर वाचा’ असं सांगणाऱ्यांनी ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

खापरखेड्याच्या एका मुलीनं मागच्या पावसाळ्यात मला कथा आणून दिली. कथेतला बाप कोळसा उतरवतात तिथला कंत्राटी कामगार आहे. हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोळशानं भरलेली अख्खी वॅगन टिपलरच्या पकडीत घेऊन पालथी करतात. कोळसा खालच्या लोखंडी जाळीवर कोसळतो, बारीक असतो तो आत जातो, मोठे दगड वरच अडकतात. ते घणानं फोडायचे. धूळ बसावी म्हणून पाण्याचे फवारे चालू असतात, त्यामुळे अंगावर काळा चिखल होतो. तिनं हे सगळं नेमकं लिहिलं होतं. बाप रात्रपाळी करून घरी येतो, तोंड धुतो न धुतो तोच मुकादमाचा फोन येतो. सकाळचा माणूस आला नाही, परत ये. बाप म्हणतो, ‘मी फार थकलो आहे, आज येऊ शकणार नाही.’

इथे ती अडली होती. ‘काका, हे वाक्य खोटं वाटून राहिलं,’ ती म्हणाली. तिनं ते बोलीत करून पाहिलं होतं: ‘मी लय थकलो, आज नाही येऊन राहिलो.’ तरी ते खोटंच वाटत होतं. मी विचारलं, तुझे बाबा अशा वेळी काय म्हणतात? तिला आठवेना. म्हटलं, मग घरी जा आणि ऐक.

चार-सहा दिवसांनी ती परत आली. ‘काका, बाबा थकलो असं म्हणतच नाहीत. ते म्हणतात, पोट दुखून राहिलं भाऊ, उद्या डबल करतो.’

मला वाटतं, त्या दिवशी ती लेखक झाली. रोजंदारीवरच्या माणसाला थकवा परवडत नाही. थकलो म्हणणाऱ्याचं नाव मुकादमाच्या यादीत खाली जातं. पोटदुखी चालते, ती एका दिवसाची असते, तिच्यामुळे माणूस कामाचा राहिला नाही असं कोणी म्हणत नाही. आणि सुट्टी मागता मागताच तो उद्याच्या दोन पाळ्या कबूल करून टाकतो. त्या दोन तुटक वाक्यांत त्याचं हातावरचं पोट आहे, मुकादमाशी जपलेलं नातं आहे, स्वतःचा मानही आहे. ‘करून राहिलो’, ‘काहून’, ‘पोट्टे’ पेरले की नागपुरी संवाद झाला, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्यानं नुसता वेश बदलतो. माणूस काय बोलू शकतो आणि काय त्याला बोलताच येत नाही, तिथे संवाद सुरू होतो.

हे तिला सापडल्यानंतर मी तिला उद्धव शेळक्यांची ‘धग’ वाचायला दिली, आधी नाही. १९६० ची कादंबरी. कौतिकचा नवरा महादेव महारोगानं खचत जातो आणि घर तिच्या अंगावर पडतं. तिचे संवाद वऱ्हाडी आहेत म्हणून आपण ‘धग’ला बोलीतली कादंबरी म्हणतो. पण कौतिक कोणाशी, कोणत्या गरजेपोटी बोलते आहे हे शेळक्यांना दर वेळी ठाऊक असतं, आणि तिचं बोलणं खरं वाटतं ते त्यामुळे. मुलीनं ते वाचलं ते पेन्सिल घेऊन, फक्त संवाद. तेही एक बरं झालं. वऱ्हाडी आणि आपलं नागपुरी बोलणं एक नव्हे, आपल्याकडे हिंदी जास्त मिसळलेली, त्यामुळे उसनं घेण्यासारखं काही नव्हतं. पाहायची होती ती रीत.

आता कोशांबद्दल, कारण हा भाग मला फार जवळचा आहे. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून सात खंडांत निघाला, पुढे १९५० मध्ये पुरवणी आली. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साऊथ एशिया लायब्ररीच्या साइटवर तो अख्खा फुकट शोधता येतो. मोल्सवर्थचा १८५७ चा कोशही तिथेच आहे. दाते-कर्व्यांच्या कोशात शब्दापुढे कंसात खुणा असतात, ‘व.’ म्हणजे वऱ्हाडी, ‘ना.’ म्हणजे नागपुरी. आपल्या आजीच्या तोंडचा शब्द त्या खुणेसह छापलेला दिसला की नवशिक्या मुलाचा चेहरा बदलतो. तोवर त्याला वाटत असतं की आपलं बोलणं म्हणजे पुस्तकी मराठीची बिघडलेली आवृत्ती. मात्र कोशातून जुने शब्द वेचून कथेत भरू नयेत हेही मी बजावतो. कानावर आलेला शब्द ताडून पाहायला कोश उघडावा. मराठी विश्वकोशही राज्य सरकारच्या साइटवर आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली बरीच प्रकाशनं मोफत उतरवून घ्यायला ठेवली आहेत.

त्याच कथेत ती आणखी एका जागी अडली. बापाची आई, म्हणजे आजी, वीजकेंद्र यायच्या आधीचं कोराडीकडचं गाव आठवते. मुलीनं लिहिलं होतं, तेव्हा सगळीकडे हिरवंगार होतं. हे कोणत्याही गावाबद्दल कोणीही लिहील. कोराडीचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. आज इथे ६६० मेगावॅटचे तीन संच उभे आहेत, त्यांच्या चिमण्यांखाली वाढलेल्या मुलीला आधीचं गाव डोळ्यापुढे आणता येत नसेल तर नवल नाही. मी तिला १९७१ च्या जनगणनेची नागपूर जिल्ह्याची पुस्तिका शोधायला सांगितलं. जनगणना विभागाच्या साइटवर या जुन्या पुस्तिका आहेत. त्यात प्रत्येक गावाची एक ओळ असते: क्षेत्र किती, माणसं किती, शाळा आहे का, पिण्याचं पाणी विहिरीचं की नळाचं, बाजाराचा वार कोणता. कथालेखकाला यापेक्षा चांगला कागद मिळणं कठीण. १९०८ चं रसेलचं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटियरही नेटवर आहे, पण ते साहेबाच्या नजरेनं लिहिलेलं आहे हे ध्यानात ठेवून वाचावं लागतं.

त्या ओळीतली माहिती जशीच्या तशी कथेत घालायची नव्हती. ती घेऊन मुलगी आजीजवळ बसली. ‘आजी, गाव कसं होतं?’ या प्रश्नाला आजीचं उत्तर एकच असायचं, चांगलं होतं. ‘आजी, बाजाराला कोण कोण जायचं?’ असं विचारल्यावर आजी तासभर बोलली. पाणी कोणत्या विहिरीचं, ती कोणाच्या वावरात, तिथे कोणाला जाता येत नव्हतं, सगळं निघालं. नव्या लिहिणाऱ्यांनी मुलाखतीची तंत्रं शोधण्यापेक्षा असे तक्ते शोधावेत, असं माझं ठाम मत आहे.

टंकलेखनावर फार वेळ घालवू नये. मोबाईलवर गूगलचा कीबोर्ड पुरतो, संगणकावर इनस्क्रिप्ट शिकून घ्यावा. लिहायचं मात्र युनिकोडमध्येच. शुद्धलेखनाचे नियम नेटवर आहेत, ते पक्क्या खर्ड्याच्या वेळी पाहावेत.

फुकट पुस्तकांबद्दल मात्र थोडं बोलायला हवं. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. म्हणजे हरि नारायण आपटे (मृत्यू १९१९), किंवा नागपुरात १८७१ मध्ये जन्मलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (मृत्यू १९३४) यांचं लेखन आता सगळ्यांचं आहे, ते मराठी विकिस्रोतावर किंवा इंटरनेट अर्काइव्हवर शोधून मनसोक्त वाचा. पण हयात लेखकांच्या पुस्तकांच्या पीडीएफ टेलिग्रामवर फिरतात, त्या घेऊ नका. उद्या तुमचंही पुस्तक निघणार आहे. आशा बगे यांची साहित्य अकादमी मिळालेली ‘भूमी’ वाचायची असेल तर विकत घ्या, नाहीतर सीताबर्डीला विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात चौकशी करा. कोराडीहून बस आहे.

आमच्या गावानं मला एक सराव दिला, तो मी सगळ्यांना देतो. कोराडीच्या जगदंबेबद्दल भाविकांची श्रद्धा अशी की देवी दिवसातून तीन रूपांत दिसते, सकाळी कन्या, दुपारी तरुणी, संध्याकाळी प्रौढा. तुमच्या कथेतला एक माणूस घ्या आणि एकाच दिवसात तीनदा लिहा. सकाळी चहाच्या टपरीवर, दुपारी कामावर, रात्री घरात. प्रसंग काही घडवू नका. तिन्ही ठिकाणी त्याचा आवाज वेगळा आला पाहिजे आणि तरी तो तोच वाटला पाहिजे. मुलीनं बापावर हे केलं, तेव्हा तिला कळलं की मुकादमाशी इतकं मऊ बोलणारा बाप घरात जवळजवळ बोलतच नाही.

नेटवर जे मला अजून सापडलं नाही ते म्हणजे संपादक. ‘सत्यकथे’त राम पटवर्धन नव्या लेखकांना लांबलचक पत्रं लिहायचे, कुठे कथा ढिली पडली ते दाखवायचे, पुन्हा लिहायला लावायचे. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद झालं. भागाभागानं कथा टाकायच्या ॲपवर तासाभरात किती जणांनी वाचली तो आकडा येतो, ‘पुढचा भाग कधी?’ असे निरोप येतात. ते वाचून उभारी येते हे खरं, आणि पहिल्यांदा लिहिणाऱ्याला उभारीही लागते. पण पान तीनवर बाप खोटं बोलतोय हे तिथे कोणी सांगत नाही. म्हणून मी मुलांच्या जोड्या लावतो. दोघांनी एकमेकांची कथा कागदावर छापून, पेन्सिल घेऊन वाचायची. ‘आवडली’ म्हणायची परवानगी नाही, कुठे थांबलात ते लिहायचं.

कथा तयार झाली की पाठवायची. दिवाळी अंकांचं काम उन्हाळ्यापासून सुरू होतं, दसऱ्याला पाठवून उपयोग नसतो. विदर्भ साहित्य संघाचं ‘युगवाणी’ आहे. ई साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तकं ई-पुस्तकरूपात मोफत काढतं. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावी आणि उत्तराची वाट पाहताना दुसरी सुरू करावी.

खापरखेड्याच्या मुलीची कथा अजून गेलेली नाही. शेवटावर आमचं जुळलेलं नाही. तिच्या शेवटी बाप तोच फोन पुन्हा आल्यावर ‘येतो’ म्हणतो आणि डबा मागतो. मला वाटतं कथा डब्याच्या आधी संपते. ती म्हणते, काका, डबा काढला तर आई कथेतून निघून जाते. तिच्या बोलण्यात तथ्य आहे. पुढच्या रविवारी ती दोन्ही शेवट लिहून आणणार आहे.