मंगेशी : एका आडनावाचं गाव

‘मंगेशकर’ म्हटलं की आपल्याला आधी गाणं आठवतं. हे आडनाव एका छोट्याशा गावाचं आहे, हे मात्र गोव्याला जाईपर्यंत माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

पणजीहून फोंड्याच्या बसने निघालात की साधारण २० किलोमीटरवर मंगेशी येतं. रस्त्यावरून आत चालत गेलं की फुलांची दुकानं, पाण्याने भरलेली तळी आणि मग सात मजली पांढरा दीपस्तंभ दिसतो.

गंमत म्हणजे हा देवही मूळचा इथला नाही. त्याचं पहिलं देऊळ झुआरी नदीकाठी कुठ्ठाळीला होतं. पोर्तुगीज राजवटीत देवळांवर संकट आलं, तेव्हा १५६० मध्ये भाविकांनी मंगेशाचं लिंग प्रियोळला हलवलं. हा भाग तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. देव इथेच राहिला आणि गावाला त्याचं नाव मिळालं.

याच गावात २९ डिसेंबर १९०० रोजी दीनानाथांचा जन्म झाला. वडील गणेशभट देवळातले पुजारी. मंगेशाला अभिषेक करणारं घर, म्हणून ‘अभिषेकी’. आई येसूबाई देवदासी परंपरेतल्या. त्या काळी अशा मुलाला वडिलांचं आडनाव सहज मिळत नसे. दीनानाथांनी मग गावाचं नाव लावलं.

१९१८ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी ‘बळवंत संगीत मंडळी’ काढली आणि ‘मंगेशकर’ हे नाव रंगभूमीवर गाजू लागलं. १९४२ मध्ये ते गेले, तेव्हा थोरली लता अवघी १२ वर्षांची होती. पुढे तिने, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ यांनी संगीतात काय केलं, ते सांगायला नकोच. २००१ मध्ये लतादीदींना भारतरत्न मिळालं.

आणि ‘अभिषेकी’? लतादीदी सप्टेंबर १९२९ मध्ये इंदूरला जन्मल्या. त्याच महिन्यात मंगेशीत जन्मले पंडित जितेंद्र अभिषेकी! एकाच देवळाने संगीताला दोन आडनावं दिली : एक सेवेवरून, दुसरं गावावरून.

देवळात अभिषेकाची पावती करताना मला विचारलं, “नाव, आडनाव, गोत्र?” मी पटकन सांगून मोकळी झाले. मग वाटलं, या प्रश्नाचं उत्तर इथल्याच एका मुलासाठी किती अवघड असेल! त्याने ते गावाकडून घेतलं आणि गावाचं नाव जगभर नेलं.